शाळेत पॅनेल आलं, मग मी जुनी झाले का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहेत. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. तिसरी-चौथी त्यांच्याकडे आणि पहिली-दुसरी सहकारी सरांकडे. गेल्या वर्षी गावानं लोकवर्गणी काढून पासष्ट इंची टच पॅनेल घेतलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनीही उचल (मुकादमानं आगाऊ दिलेली मजुरी) हातात आल्यावर कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, पाचशे रुपये दिले. सर तरुण आहेत आणि पॅनेल छान चालवतात. जेवणाच्या सुट्टीनंतर चारही वर्ग एकत्र बसवून कविता, गोष्टी, गणिताचे व्हिडिओ लावतात. लेकरं गप्प बसतात, बघायला येणारे पाहुणे खूश होतात. मात्र चौथीच्या तेरा लेकरांना ४१२ भागिले ४ हे उदाहरण घातलं, तेव्हा नऊ जणांनी उत्तर लिहिलं १३. भागाकाराचा व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिलेला होता. ताईंनी विषय काढला तर सर म्हणाले, "मॅडम, काळाबरोबर चला." दिवाळीनंतर निम्मा पट आई-बापामागं कारखान्याला जातो, त्यांचा अभ्यास ग्रुपवर टाकायचा असं ठरलंय, पण तो कितीजण बघतात हे कुणालाच माहीत नाही. ताईंचा स्वतःचा फोन हजेरी आणि पोषण आहाराच्या नोंदींनीच बेजार आहे. त्या विचारतात, "मी जुनी झाले का, की हा सगळा देखावा आहे? गावाच्या पैशाचा प्रश्न असल्यानं बोलायचीही चोरी झालीय."

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे 'तेरा'.

लेकरांना गणित येत नाही, अशी तक्रार सगळेच करतात. नऊ लेकरांनी नेमकं तेराच लिहिलं, हे पाटीपाशी वाकून बघणाऱ्यालाच सांगता येतं. त्या नऊ जणांना भागाकार येत नाही असं नाही. चाराला चारानं भाग गेला, एक लिहिला. मग एकाला चारानं भाग जात नाही, म्हणून पुढचे दोन खाली घेतले, बाराला भाग लावला, तीन लिहिले. त्यांनी सोडलं ते फक्त मधलं शून्य. दशकाच्या घरात कुणाच्याच वाट्याला काही आलं नाही, हे लिहून दाखवावं लागतं, ही एक गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही. किंवा सांगितली, पण व्हिडिओतल्या बाईंनी ती चार सेकंदांत सांगून टाकली. हे तुम्हाला कळलं, पॅनेलला कळलं नाही. तेव्हा 'मी जुनी झाले का' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण त्याचं उत्तर शोधून त्या नऊ जणांचं काही भलं होणार नाही.

आता माझी एक फजिती सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूचा आहे ते तुम्हाला कळेल. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा, होतो तेव्हा, २०१५ नंतरच्या त्या डिजिटल शाळांच्या लाटेत, माझ्या केंद्रातल्या एका शाळेला प्रोजेक्टर मिळवून देण्यात माझा पुढाकार होता. निजामकालीन दगडी खोली, वर पत्रे. भिंतीला ड्रिलनं भोक पाडायला दीड दिवस गेला. नारळ फोडला, फोटो निघाले, पेपरात बातमी आली. जुलैत उद्घाटन, दिवाळीच्या सुट्टीत घुशीनं वायर कुरतडली आणि मार्चमध्ये थकलेल्या बिलापायी शाळेची वीजच तुटली. त्या आठ महिन्यांत प्रोजेक्टरवर काय शिकवलं, असं मला कुणी विचारलं नाही. लाजेची गोष्ट ही की मीही कुणाला विचारलं नाही. मी मोजत होतो केंद्रात किती शाळा 'डिजिटल' झाल्या ते.

म्हणून तुमची चिडचिड मला समजते. तरीही तुमच्या पत्रातली दोन-तीन गृहीतकं जरा खरवडून बघू या.

पहिलं म्हणजे, तुम्ही पॅनेल आणि व्हिडिओ एकच धरून चालला आहात. सरही तसंच धरतात, म्हणून तुमचं भांडण जुळत नाही. पॅनेल म्हणजे मोठा फळा. त्यावर काय दाखवायचं हे आपण ठरवायचं. व्हिडिओ हा त्यातला सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमकुवत वापर. दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच वर्गासाठी केलेला पाठ तो आपल्या वेगानं सांगून मोकळा होतो. समोर कोण अडलंय हे त्याला दिसत नाही. आणि लेकरं गप्प बसली म्हणजे शिकली, हा समज तर पॅनेल येण्याच्याही आधीचा. छडीच्या काळात वर्ग याहून गप्प असायचे.

दुसरं, 'काळाबरोबर चला' या वाक्याला तुम्ही फार भ्यालात. काळ काय म्हणतो ते बघा. पेरूमध्ये सरकारनं ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या पोरांच्या हातात लॅपटॉप दिले. पुढं ३१९ शाळांचा अभ्यास झाला आणि त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. सुमारे पंधरा महिन्यांनंतरही गणितात आणि भाषेत गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र शाळाशाळांत पोचलं, पण त्यावर काय आणि कसं शिकायचं हा भाग मागं राहिला. याच्या नेमकं उलटं दिल्लीत दिसलं. तिथं शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत बहुतेक सहावी ते नववीची मुलं माइंडस्पार्क नावाच्या संगणकी कार्यक्रमावर पंचेचाळीस मिनिटं बसायची आणि मग पंचेचाळीस मिनिटं छोट्या गटात शिक्षकापाशी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडेचार महिन्यांतच गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. त्या कार्यक्रमाची खुबी एकच होती. मूल आठवीत असलं तरी त्याला चौथीचं येत नसेल, तर तो चौथीपासून सुरू करायचा. आधी चाचपून बघायचा, मग शिकवायचा. तुम्ही पाटीपाशी वाकून जे केलं, तेच.

तिसरं गृहीतक मला जरा बोचलं. ते सरांबद्दलचं आहे. त्यांना देखावाच हवा आहे, असं तुम्ही उघड लिहिलेलं नाही, पण ओळींमधून ते डोकावतं. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सकाळी तुमच्या गावात येत असेल. दोन वर्षांत पट घसरला असेल, तर ते हजेरीपटावर दिसेलच. सरांनी गावाला 'आपल्याही शाळेत आहे' असं काही दाखवायला पॅनेल आणलं असेल, तर त्यात खोटं काय? पट राहिला तर शाळा राहते. तुमच्या पत्रात पट घसरल्याचा उल्लेख नाही, आणि वर्गणी फिरायला गेलं कोण, याचाही नाही. मला वाटतं सरच गेले असतील.

आता कामाचं बोलू. सगळं शिकायला जाऊ नका. तुमच्या फोनमध्ये आधीच खात्याची इतकी ॲप आहेत की नवं नाव ऐकलं तरी अंगावर काटा येत असेल. पण नोंदी भरणं म्हणजे डिजिटल शिक्षण नव्हे. तो ताप आहे, त्याची खुन्नस पॅनेलवर काढू नका.

सुरुवात फोनच्या कॅमेऱ्यापासून करा. उदाहरण घाला, 'एक, दोन, तीन, पाट्या वर' म्हणा आणि तेरा पाट्यांचे तेरा फोटो काढा. दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी चहा पिताना ते फोटो बघा. १०३ लिहिलेली चौघं एकीकडं, १३ लिहिलेली नऊ दुसरीकडं. त्या नऊ जणांत आणखी एखाद-दोन अशी निघतील, ज्यांचं खरं दुखणं वजाबाकीत आहे आणि १३ नुसतं शेजाऱ्याचं बघून लिहिलंय. वर्गात घाईत हे दिसत नाही, फोटोत दिसतं. दर शुक्रवारी एक उदाहरण, तेरा फोटो. महिन्याभरात तुमच्याकडं प्रत्येक लेकराची चार पानं जमतील. कुठल्याही पोर्टलवर चढवायची नाहीत, फक्त तुमच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्यातली एक चुकलेली पाटी पॅनेलवर दाखवा. फोनची स्क्रीन पॅनेलवर कशी आणायची हे सरांना विचारा. पॅनेलच्या मेनूत सोय असेल, नाहीतर केबल. दोन दिवसांत हातात बसतं. नाव दिसणार नाही असा फोटो निवडा, आणि हस्ताक्षरावरून ओळखतील अशी भीती असेल तर तुम्हीच दुसऱ्या पाटीवर तीच चूक लिहून फोटो काढा. मग वर्गाला एवढंच विचारा, "हे लेकरू कुठवर बरोबर चाललंय?" कुठं चुकलं हे विचारू नका. कुठवर बरोबर, हे विचारा. पोरं आधी 'तेरा बरोबर हाय की' म्हणतील. म्हणू द्या. मग 'तेरा चोक किती?' विचारा. बावन्न. 'मग चारशे बारा कुठं गेले?' वर्गात जो गलका उठेल त्यासाठी गावानं पैसे दिलेत असं खुशाल समजा.

त्यानंतर पॅनेल बंद. खोट्या नोटा काढा. शंभराच्या चार, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. चौघांत वाटा. शंभराची एकेक प्रत्येकाला. दहाची नोट चौघांत कशी वाटणार? फाडून? हसतील. म्हणजे दहाच्या घरात कुणाला काही मिळालं नाही, तिथं शून्य. आता नोट मोडून सुटे करा, बारा रुपये झाले, तीन-तीन प्रत्येकाला. एकशे तीन. हे पॅनेलवर करता येतं, पण हातात नोट धरून केलेलं जास्त टिकतं. माझं मत आहे, वाद घालायला हरकत नाही.

तुमच्या शाळेची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलीत. एका बाईंकडं दोन वर्ग. तिसरीला शिकवलं की चौथी मोकळी, चौथीला शिकवलं की तिसरी खिडकीबाहेर. पॅनेलचा कस इथं लागतो. चारही वर्ग एका खोलीत कोंबून एकच व्हिडिओ दाखवणं म्हणजे पहिलीचं लेकरू भागाकार बघतंय आणि चौथीचं 'ये रे ये रे पावसा' म्हणतंय. त्याऐवजी तिसरीला पॅनेलपाशी वीस मिनिटांचं काम द्या, ज्यात ती काहीतरी करतील, नुसती बघणार नाहीत, आणि तेवढा वेळ तुम्ही त्या नऊ जणांना घेऊन जमिनीवर बसा. तुमची ती वीस मिनिटं कुठल्याही ॲपपेक्षा महाग आहेत. पॅनेलनं तुम्हाला ती मिळवून दिली, तर गावाचे सगळे पैसे वसूल झाले.

तिसरीनं पॅनेलपाशी करायचं काय? नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू केलेला 'फेट' नावाचा उपक्रम आहे. त्यात गणित-विज्ञानाची हाताळून बघायची चित्रं मोफत मिळतात, त्यातली बरीच मराठीतही आहेत. एकदा डाउनलोड केली की इंटरनेट नसलं तरी चालतात. तुमच्या डोंगरात रेंज कशी असते ते मला माहीत आहे, म्हणून हे आधी सांगतो. अपूर्णांकांचं चित्र उघडून द्या. एक लेकरू बोटानं तुकडे सरकवेल, बाकीची पाटीवर उत्तर लिहितील, मग दुसऱ्याची पाळी. पॅनेलपाशी कोण जाणार, हे हजेरीच्या क्रमानं ठरवा. नाहीतर दोन धीट पोरं रोज पुढं जातात आणि मागच्या ओळीतल्या पोरी वर्षभर नुसत्या बघतात. हे मी इतक्या शाळांत पाहिलंय की पैज लावायला तयार आहे.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सरांना माहीत असतीलच. सरकारच्या दीक्षा ॲपवर त्या पाठाचं साहित्य निघतं आणि आधी उतरवून ठेवलं तर ऑफलाइन चालतं. सर बहुधा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घेतील, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले. घेऊ द्या, आणि मग म्हणा की त्यांचा क्यूआर कोड पुस्तकाच्या पानाला चिकटलेला होता. ज्या धड्यावर लेकरू आहे, त्याच धड्याचं साहित्य उघडायचं. दुपारी काहीतरी लावू, यात आणि त्यात फरक आहे.

वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग मराठीत आहे. लेकरू मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो आणि अडलं की सांगतो. दुसरी-तिसरीच्या मागं पडलेल्या पोरांना बरं, कारण यंत्रासमोर चुकायला लाज वाटत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. पत्र्याच्या खोलीत वीस लेकरांच्या गलक्यात फोनला काही ऐकू येत नाही, झाडाखाली एकेकाला बसवावं लागतं. आणि आपल्या भागातलं लेकरू 'पाणी'ला 'पानी' म्हणालं की यंत्राला खटकू शकतं. तिथं लेकरू चुकलं नाही, हे त्याला तुम्हीच सांगा. घरची बोली चूक ठरवणारं यंत्र शाळेत नको. शाळेत पूर्वी माणसांनी ते काम पुरेसं केलंय.

उत्तरांची नोंद ठेवायची हौस असेल तर प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक लेकराच्या हातात एक छापील कार्ड, ते फिरवून धरायचं, उत्तर अ, ब, क की ड ते तुमचा फोन टिपतो. लेकरांना फोन लागत नाही, हे त्यातलं चांगलं. खरं सांगायचं तर तेरा लेकरांसाठी 'पाट्या वर' पुरेसं आहे. साठ पोरांचा वर्ग असता तर मी कार्डांचा आग्रह धरला असता.

आणि हो, एआयचं. हल्ली शिक्षण परिषदेत कुणी ना कुणी चॅटजीपीटी दाखवतंच. शाब्दिक उदाहरणं तयार करायला ते कामाचं आहे. त्याला सांगा, चौथीच्या पातळीची, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायची, उत्तरात मधे शून्य येईल अशी दहा उदाहरणं दे, आणि ती उसाच्या मोळ्या, दुधाचे लिटर, बाजारातली वांगी यांवर असू दे. मिनिटात देईल. मग पेन घेऊन दहाही सोडवून बघा, एखाद-दुसरं फसलेलं निघू शकतं. लेकरांची नावं, गुण, घरची माहिती त्यात कधी घालू नका.

दिवाळीनंतर निघून जाणाऱ्या लेकरांबद्दल मात्र मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण तिथं आपण सगळेच स्वतःची समजूत काढत असतो. ग्रुपवर अभ्यास टाकला की आपलं मन मोकळं होतं. लेकराचं काय होतं ते बघा. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. फोन एकच, तो बापाच्या खिशात, कारण मुकादमाचा आणि गाडीवाल्याचा फोन त्यावरच येतो. संध्याकाळी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) चार्जिंग असेलच असं नाही. मोठी बहीण असेल तर ती धाकट्याला सांभाळतेय. अशा घरी वीस-तीस एमबीचा व्हिडिओ आणि पीडीएफची पाच पानं पाठवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

घरात फोन असला की लेकरू अभ्यास करणार, हेही आपण उगाच धरून चालतो. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. फोन वापरता येणारी ऐंशी टक्क्यांहून जास्त होती. पण आधीच्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं ५७ टक्क्यांनी सांगितलं आणि समाजमाध्यमं वापरली असं ७६ टक्क्यांनी. ही मोठी पोरं झाली. तुमची तर नऊ वर्षांची आहेत.

म्हणून आवाज पाठवा. तीन मिनिटांची व्हॉइस नोट, तुमच्या स्वतःच्या आवाजात. ती अर्ध्या एमबीच्या आत-बाहेर जाते, कितीही हळू नेटवर उतरते, आणि चूल पेटलेली असताना लेकराला बसल्या जागी ऐकता येते. सुरुवातीला लेकरांची नावं घ्या. मॅडम आपलं नाव घेतात म्हणून लेकरू पुन्हा पुन्हा ऐकतं. मग एक छोटी गोष्ट किंवा एकच उदाहरण, आणि शेवटी एक काम, जे फडावर करता येईल. 'आज आईनं किती मोळ्या बांधल्या ते मोज. दहा-दहाचे गट कर. किती गट झाले, किती सुट्या राहिल्या?' उत्तरही त्यानं आवाजातच पाठवायचं. सगळी पाठवणार नाहीत. पाचांनी पाठवलं तरी पाच लेकरं शाळेशी जोडलेली राहिली. ग्रुपवर नका टाकू, एकेका घरी वेगळं पाठवा. ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली सगळं गाडलं जातं.

पण आधी एक काम, जे कुठल्याच ॲपवर नाही. दसऱ्याच्या आसपास, टोळ्या निघायच्या आत, जाणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन या. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत पाठवा. लेकरू जाणारच असेल तर त्याचं शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड) भरून आईच्या हातात द्या आणि कारखान्याजवळची शाळा दाखला नाही म्हणून त्याला अडवू शकत नाही, हे तिला नीट समजावून सांगा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्या लेकराच्या बाजूनं आहे. त्याच भेटीत त्या पाटीचे फोटो कामाला येतील. प्रत्येक लेकराचे दोन फोटो आईच्या फोनवर पाठवा, एक चांगला जमलेला आणि एक अडलेला. तिकडच्या शिक्षकांना लेकराचं कुठं अडलंय ते फोनवरच दिसेल. आई शाळा शिकलेली नसेल, पण फोटो दाखवायला अक्षर लागत नाही.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पाट्यांचे फोटो काढा, चेहऱ्यांचे जपून. उद्घाटन, पाहुणे, पॅनेलपुढं हात जोडून बसलेली लेकरं असले फोटो स्टेटसवर टाकायची आपल्याला सवय लागलीय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कायदा राहू द्या, त्या लेकराच्या फाटक्या सदऱ्याचा फोटो तालुकाभर फिरावा असं त्याच्या आईला वाटेल का, एवढं विचारलं तरी पुरे.

सरांशी कसं बोलायचं? पॅनेलचा वापर चुकतोय असं म्हणायला जाऊ नका. त्यांच्याकडं मदत मागायला जा. खरी मदत, कारण फोन पॅनेलला जोडायला ते लागणारच आहेत. म्हणा, "सर, एक महिना माझ्या चौथीसाठी करून बघू. हे नऊ जण आहेत, ह्यांचं शून्य सुटतंय. काय काय करता येईल?" तरुण माणूस आहे, नेमका प्रश्न समोर आला की रात्री जागून काहीतरी शोधून आणेल. महिन्याअखेरीला तेच उदाहरण, आकडे बदलून घाला. ६१२ भागिले ६ चालेल, त्यातही मधे शून्य आहे. किती जण सुधारले ते दोघं मिळून मोजा. फरक दिसला नाही, तर तेही दोघं मिळूनच मान्य करा आणि दुसरं काही बघा. दुपारचा एकत्र व्हिडिओ आठवड्यातून एक दिवस राहू द्या. लेकरांना त्यात मजा येते, 'आज टीव्ही लावायलेत का' म्हणून ती शाळेत येत असतील, तर मला त्यातही वावगं दिसत नाही.

गावाच्या पैशाबद्दल तुम्हाला वाटणारा संकोच समजतो. पाचशे रुपये देणाऱ्या त्या बाईनं किती मोळ्या बांधल्यावर पाचशे होतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तिला हिशेब द्यायचा आहेच. समितीच्या पुढच्या सभेत पॅनेल कितीदा चालू झालं हे सांगू नका. जुलैची पाटी आणि सप्टेंबरची पाटी, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी त्याच पॅनेलवर लावा आणि लेकरालाच सांगू द्या की आधी काय लिहिलं होतं आणि का. हे मी एका तांड्यावरच्या शाळेत पाहिलंय. मागं उभा असलेला बाप पुढं सरकून पडद्यापाशी आला होता.

विजेचंही आताच बघून ठेवा. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर किती वॅट ते लिहिलेलं असतं. समजा दोनशे वॅट. रोज दोन तास चालवलं तर दिवसाला ०.४ युनिट, म्हणजे चोवीस दिवसांचे दहा युनिटही होत नाहीत. पॅनेलमुळं बिल फुगतं ही अफवाच. थकतं ते बिल भरायला हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नसतं म्हणून. सादिलातून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) किती निघतं, उरलेलं कोण भरणार, हे समितीच्या ठरावात लिहून घ्या. मार्चपासून सकाळची शाळा लागली की अकराच्या आत पॅनेलचं काम उरका. पत्र्याखाली एप्रिलमध्ये माणूस टिकत नाही, तिथं यंत्राचं काय.

आणि एक. पॅनेलचं वॉरंटी कार्ड आणि पावती कुठं आहे, ते उद्या शाळेत गेल्यावर पहिल्यांदा बघा. सरांच्या घरी असेल तर शाळेच्या कपाटात आणा. आमच्या प्रोजेक्टरचं कार्ड सापडलं तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते.